केशोरीत येणारी चिनी नटी

आमच्या शेजारच्या रीताला कुणी विचारलं, 'तू करतेस तरी काय?' की ती सांगते, 'चीनचे सिनेमे आपल्या लोकांना दाखवते.' पोरगी थट्टा करतेय असं समजून माणूस निघून जातो. पण ती खरंच तेच करते. पुण्याला चिनी भाषा शिकली आणि आता कुडवा गावातल्या एका खोलीत बसून चीनमधल्या कंपनीचे सिनेमे भारतात खपवते. हिंदी संवाद लिहायचे, जाहिराती करायच्या, थिएटरवाल्यांच्या मागे लागायचं. ते तिला दारात उभं करत नव्हते. मारामारी नाही, गाणं नाही, बघणार कोण?

शेवटी कंपनीनं निर्वाणीचं कळवलं. नवरा शहरात गेलेल्या, एकटीनं धानशेती करणाऱ्या बाईचा सिनेमा होता. तो एका तरी खेड्यात दाखवा, लोक शेवटपर्यंत बसले तर पुढे बघू, नाहीतर तुमचं काम बंद. रीताची झोप उडाली. तिची आई धुरपताबाई म्हणाली, "आपल्या गावी, केशोरीच्या मंडईत दाखव ना. सारा गाव तं जमतेच."

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच, पाहुणे, दुकानं आणि नाटक. नाटकाचा पुकारा सेवकराम करतो, जीपवर भोंगा लावून. रीतानं सिनेमाचंही त्यालाच सांगितलं. पण त्याच्या जिभेला नाटकाचंच वळण. गावभर ओरडत फिरला, "चीनची सुप्रसिद्ध नटी! आज दुपारी समाजमंदिरात, तुमच्या भेटीले!"

समाजमंदिरात मुंगी शिरायला जागा उरली नाही. बाया तर खण-नारळ घेऊन आल्या. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं? खरं सांगावं तर लोक उठतील आणि काम जाईल. तरी रीतानं माईक घेतला.

"नटी आली नाही जी. निस्ता सिनेमा आहे."

एकच गलका झाला. काही जण उठून गेलेसुद्धा. मला रीताचा अभिमान वाटला आणि सेवकरामला बदडावंसंही वाटलं. तेवढ्यात अनुसयाबाई, जिचा शब्द गावातल्या बाया मोडत नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाली, "आलोच आहोत तं पाहून घेऊ."

पडद्यावरची बाई चिखलात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करू लागली आणि आमच्या बायांना कंठ फुटला.

"लय दाट लावून राहिली वो!"

"एकटीच काऊन रोवते? गावात बाया नाही का?"

संवाद कुणाला ऐकू येईनात. पण पावसानं तिचं उभं धान आडवं झालं, तेव्हा सगळे चिडीचूप झाले. सिनेमा संपला तरी कुणी उठेना. मग अनुसयाबाईनं आपला खण रीताच्या हातात दिला. "तिले पाठव. म्हणावं, एकटी नोको रोवू, आमाले बलाव."

मागोमाग बाकीच्यांनीही दिले. नारळ पोस्टानं कसे पाठवणार, ते आम्हीच फोडून खाल्ले.

काही आठवड्यांनी रीता फोन घेऊन केशोरीला घरी धावत आली. त्यात ती नटी होती, सगळे खण मांडीवर पसरून बसलेली. डोळे पुसत काहीतरी बोलत होती. रीता म्हणाली, "आई, माझं काम टिकलं. अन् ती म्हणते, पुढच्या मंडईले केशोरीत येतो."

सेवकराम ओट्यावरच बसला होता. भोंग्यात बोलावं तसा घसा साफ करून तो म्हणाला, "मंग! मी का खोटं बोललो होतो? जरासा लवकर बोललो."