पाठीत घातलेलं रक्त

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि प्यायला पाणी नव्हतं. कौतुक मात्र असं, की जणू मुरुडच्या आमच्या गल्लीतच कलेक्टर येऊन बसणार. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी लोह्याहून मुरुडला आले होते. लातूरच्या एका दवाखान्यात सिझर करून मुलगी झाली. भुलीसाठी कमरेत सुई टोचली होती, त्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं. उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की थांबायचं. मुलीला पाजायचं तेही पडूनच.

आठवड्यानं डॉक्टरांनी माझ्याच हाताचं रक्त काढून पाठीत सोडलं. ते गोठून छिद्र बुजतं म्हणे. बुजलं. मी बसून चहा प्यायले आणि त्या माणसाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. घरी सोडताना त्यांनी आईला आणि मला समोर बसवून बजावलं, "क्वचित हे रक्त नसांवर दाबतं. पाय बधिर वाटला तर तासभरही थांबू नका."

दुसऱ्याच दिवशी डावा पाय बधिर झाला.

आई म्हणाली, "बाळंतिणीला वारं शिरलंय. शेकलं की जातंय." तिनं बाजेखाली शेगडी सरकवली. टाच भाजून फोड आला तरी मला कळलं नाही. तो बघून आईचा चेहरा उतरला. पण बारसं परवावर आलं होतं, टँकरच्या रांगेत उभं राहून पाणी साठवलेलं होतं. "तुजी सासू यायलीय परवा. लंगडी सून बघून काय म्हनल? आधीच पोरगी झालीय." मी बरं म्हणाले. त्याचा राग अजून जात नाही. आईचा थोडा, माझा जास्त. मी शिकलेली होते, शाळेत शिकवत होते.

बारशाला मी बाजेवरून उठलेच नाही, कुणाला काही कळलं नाही. पाहुणे गेल्यावर लातूरला नेलं. ऑपरेशन करून रक्ताची गाठ काढली. मांडीत, पोटरीत जीव आला, पाऊल मात्र लुळंच राहिलं. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. "लगेच यायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

आई मरेपर्यंत सांगत राहिली, "डागदरानं पाठीत रगत घालून माज्या लेकीचा पाय नेला." लोकांना ते पटलं. बायका त्यांच्याकडे जाईनाशा झाल्या आणि वर्षभरात ते दवाखाना बंद करून निघून गेले. त्यांनी काय बजावलं होतं ते ऐकलेल्या आम्ही दोघीच. आई सांगायची आणि मी शेजारी बसून मान डोलवायचे.