खाकी कव्हरातली पुस्तकं

लेखकाने पेनाचं टोपण काढलं होतं. पुस्तकाचं पहिलं पान उघडलं होतं. "नाव काय बाळ तुझं?" असं विचारून झालं होतं आणि मी ते सांगितलंही होतं. पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. गाव त्यांना वकीलसाहेब म्हणायचं. त्यांनी पुस्तकावर हात आडवा धरला. पुस्तकाला लागणार नाही असा, चार बोटं वर.

"साहेब, या प्रतीवर नको. ही त्यांची प्रत आहे."

"त्यांची म्हणजे?"

वकीलसाहेब लेखकाच्या कानाशी वाकले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. लेखकाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुस्तकाच्या खाकी कव्हराकडे. मग पेनाला टोपण लावलं आणि एका बोटाने पुस्तक टेबलाच्या कडेला सरकवलं. "बरं, बरं. पुण्याला गेलो की दुसरी प्रत पाठवतो," म्हणाले. तेही मला नाही, वकीलसाहेबांना.

वाचनालयाच्या अंगणातल्या मंडपात अख्खं गाव बसलं होतं. मी व्यासपीठाच्या पायरीखाली उभी होते. वर चढायचं नाही असं आधीच बजावलेलं होतं. मी चौदा वर्षांची होते, आणि दोन वर्षं मी माझ्याच हाताने काय चिकटवत आले होते ते मला तेव्हा, त्या टोपणाबरोबर कळलं.

आमचं गाव दोंडाईचाच्या वाटेवर, रेल्वेच्या रुळांना लागून. मिरचीचा बाजार मोठा. माय वखारीत मिरच्यांचे देठ खुडायला जायची. आबा स्टेशनावर हमाली करायचे. नाल्यापलीकडे आमची वस्ती. कागदावर आम्ही बौद्ध झालो होतो, गावाच्या तोंडी महारच होतो.

वाचनालयात दर रविवारी किशोर वाचक मंडळ भरायचं. हायस्कुलातली पोरंपोरी जमायची, आठवड्यात काय वाचलं ते उभं राहून सांगायची. सरकारी अनुदान होतं, त्यामुळे दार सगळ्यांना उघडं ठेवणं भाग होतं. वस्तीतून मी एकटीच जायचे. माझी चटई वेगळी, दाराशी. ते मला नवं नव्हतं. पाणी वेगळं, हॉटेलातली कपबशी वेगळी, मग चटई वेगळी असणारच. त्याचं मला तेव्हा काही वाटायचं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. पण पुस्तकं एकच होती. तेवढं मी धरून बसले होते. त्या गावात मला पुस्तक मिळायची दुसरी जागाच नव्हती.

पुस्तकं द्यायला नाना होते. म्हातारे, मवाळ, कुणावर ओरडणार नाहीत. वाचून झालेलं पुस्तक माझ्या हातून ते घेत नसत. "खिडकीत ठेव गं," म्हणायचे. मागच्या ओसरीत त्यांनी मला काम दिलं होतं. खळीचं डबडं, खाकी कागद, कात्री. मी परत आणलेल्या पुस्तकाला मीच कव्हर घालायचं आणि ओसरीवरच्या कपाटात ठेवायचं. बाकीची पुस्तकं आतल्या खोलीत असत, बिनकव्हराची. मी एकदा विचारलं, हे खाकी कशाला?

"चांगलं वाचलं गेलेलं पुस्तक मजबूत राहायला नको का?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी फुगले. मायला सांगितलं, जे पुस्तक मी वाचते त्याला खास कव्हर मिळतं. कोपरे असे दुमडायचे की पान दुखत नाही, वगैरे. खळ मी घरूनही करून न्यायचे, गव्हाच्या पिठाची. स्वतःच्या गळ्याला फास इतक्या हौसेने क्वचितच कुणी वळला असेल.

खुणा दिसत नव्हत्या असं नाही. एका रविवारी मी एका पुस्तकाची गोष्ट सांगितली. ती डॉक्टरांच्या मुलीला इतकी आवडली की तिने लगेच ते मागितलं. नाना म्हणाले, "ते बाहेर गेलंय." आदल्याच दिवशी मी ते ओसरीवरच्या कपाटात ठेवलं होतं. मी तोंड उघडलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी शांतपणे. मी तोंड मिटलं. पुढे असं पुन्हा झालं, मग पुन्हा. कपाटाचा एक कप्पा भरला, दुसरा भरला, तिसरा भरत आला. मी जे पुस्तक हातात घेई ते गावाला बंद होई. हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला ते बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर वाचनालय सोडावं लागलं असतं. मग मी काय वाचणार होते?

अशात पुण्याच्या लेखकाचं पत्र आलं. वाचनालयाच्या वार्षिक समारंभाला ते येणार होते. त्यांची एक इच्छा होती. वर्षभरात सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्या मुलाने त्यांच्या नव्या पुस्तकातलं एक पान वाचावं. नानांनी रजिस्टर काढलं. त्यात ज्याच्यात्याच्या नावापुढे नुसते आकडे असत, पुस्तकांची नावं नसत. माझं नाव निघालं. वकीलसाहेबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून आकडे पुन्हा मोजले. मग हसून म्हणाले, "उत्तम. पायरीखाली उभी राहून वाच."

नव्या पुस्तकाची एकच प्रत आली होती. नानांनी ती मला सरावाला दिली. या वेळी कव्हर घालायला सांगितलं नाही. "आधीच घालून ठेवलंय," म्हणाले. मी पुस्तक घेऊन घरी आले.

पुस्तकात एक गरीब पोरगा होता. एक भले गुरुजी त्याला पोटाशी धरतात, शिकवतात, सगळं गाव डोळे पुसतं. आठवडाभर मी ते मायला वाचून दाखवलं. ती लांब बसून ऐकायची.

"जवळ ये ना," मी म्हणायचे.

"नको. मना हातले मिरची लागेल शे. पुस्तक खराब व्हई."

समारंभाच्या सकाळी तिने माझी वेणी घातली. आधी हात तीनदा धुतले, तरी माझी मान चुरचुरली. मी तिला सांगितलं, वकीलसाहेब माझ्याशी हसून बोलले. तिने वेणीचा शेवटचा पेड घट्ट ओढला.

"जाय, पन संभाळीसन जाय. बठ्ठा लोके गोड बोलतस तव्हय माले भ्याव वाटस." सगळेच गोड बोलायला लागले की तिला भीती वाटायची.

तर ते पेन, ते टोपण. आणि त्यानंतर लेखक मोठ्या मनाने म्हणाले, "वाच बाळ, वाच."

मी टेबलाच्या कडेचं पुस्तक उचललं. दुसरं कुणी ते उचलणार नव्हतं, हे आता मला ठाऊक होतं. "गुरुजींनी त्याला जवळ घेतलं" इथपर्यंत वाचलं आणि थांबले. आवाज नेहमीपेक्षा मोकळा निघाला.

"खाकी कव्हर कशासाठी असतं ते आधी सांगा. मग पुढचं वाचते."

लेखक पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. वकीलसाहेब हसत होते तसेच हसत राहिले.

"तुला वाचायला उभं केलंय. बोलायला नाही."

"मग नाही वाचत."

पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि मंडपाबाहेर पडले. मागून वकीलसाहेबांनी डॉक्टरांच्या मुलीला हाक मारली, ये, तू वाच. ती आली असावी. पण वाचणार कशातून? प्रत एकच, ती खाकी, आणि ती हातात घ्यायला कुणी पुढे होईना. शेवटी लेखकालाच आपली गोष्ट तोंडी सांगावी लागली. हे मी ओसरीवरून ऐकत होते.

ओसरीवरच्या कपाटाला कुलूप नव्हतं. आमची पुस्तकं चोरणार कोण? वाचनालय रिकामं होतं. मी पहिलं पुस्तक काढलं आणि कव्हर ओढलं. कव्हरं मीच घातलेली, कुठे ओढलं की सुटतं ते मला माहीत. दुसरं. तिसरं. कागदाचा ढीग गुडघ्याला लागला. मग पुस्तकं कवेत धरून खेपाखेपांनी आतल्या खोलीत नेली. तिथे मी याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. जिथे फट दिसेल तिथे एकेक पुस्तक खोचत गेले. वर, खाली, मध्ये. यादी कुठेच नव्हती. कव्हर हीच यादी होती. शेवटचं पुस्तक खोचलं तेव्हा बाहेर टाळ्या चालल्या होत्या.

नाना चहाच्या कपबशा घ्यायला आत आले. जमिनीवरचा खाकी कागद बघून दारातच थांबले.

"अगं, हे काय केलंस? आता ओळखायचं कसं?"

वाचनालयात मी नेहमी शाळेतली भाषा बोलायचे. त्या दिवशी घरातली निघाली.

"आते बठ्ठा पुस्तके आमना शेतस, नाना."

दुसऱ्या दिवशी माझं कार्ड रद्द झालं. आठवड्यात वखारीने मायला येऊ नको म्हणून सांगितलं. वखारीचा मालक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होता. वाचनालय मात्र बंद पडलं. कोणत्या पुस्तकाला कोणाचा हात लागलाय हे कुणाला सांगता येईना, आणि न सांगता कुणी पुस्तक नेईना. महिना गेला. मग एका सकाळी नाना नाल्याच्या कडेला येऊन उभे राहिले. नाला ओलांडला नाही. एक कोरा कागद दगडावर ठेवला, त्यावर पेन्सिल.

"तू वाचलेल्या पुस्तकांची तेवढी नावं लिहून दे. वकीलसाहेब म्हणतात, कार्ड परत मिळेल. तुझ्या मायचं कामही."

माय उंबऱ्यात उभी होती. घरात दोन दिवसांचं पीठ होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी दगडाजवळ गेले. पेन्सिल उचलली नाही.

"नाना, मला एकही नाव आठवत नाही."

ते कागद घेऊन परत गेले. त्या गावात मी पुन्हा कधी पुस्तक मागितलं नाही. मायला पुढे वर्षभर दोंडाईचाला कामाला जावं लागलं, पहाटेच्या गाडीने. तिने मला त्याबद्दल एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

मी खोटं बोलले होते. सगळी नावं मला पाठ होती. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, कुणाच्या शेजारी खोचलं, तेही पाठ होतं. आजही आहे. आता मागणारं कोणी उरलं नाही, पण मागणारे पुन्हा येतील, वेगळा कागद घेऊन, गोड बोलत येतील. त्यांना यादी मिळणार नाही.