मरायला बारा सेकंद

“तुम्ही मरायला सव्वा मिनिट लावता, मामा. मंजूर आहेत बारा सेकंद.”

“छातीत भाला घुसलाय, मॅडम. बारा सेकंदांत तर धड शिंकही आटपत नाही.”

मामा तेरा वर्षं या करमणूक-बागेत चित्रपटातल्या पोलादी सेनापतीचं सोंग घेतात. त्याआधी वीस वर्षं नाटकात भालदार होते, एकाही वाक्याविना. इथेही बोलतो तो स्पीकर. मामा फक्त हात हलवतात. पण मालिकेतल्या सहाव्या चित्रपटात सेनापती मेला, आणि पडद्यावर जे घडलं ते बागेतही घडलंच पाहिजे, असं वरून फर्मान आलं. दिवसातून चार वेळा मरायचं. मामा हरखले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी करायला मिळत होतं.

पडद्यावर सेनापती मरताना उगवत्या सूर्याकडे बोट दाखवतो. बागेत सूर्याची सोय नव्हती, म्हणून बोट भेटवस्तूंच्या दुकानाकडे. लोकांनी डोळे पुसत पुसत आत शिरायचं आणि सेनापतीचं तोंड छापलेला कॉफीचा मग घेऊन बाहेर यायचं, अशी एकूण शोकसभा.

मामा मात्र जीव ओतून मरायला लागले. गुडघा टेकायचा, उठायचा प्रयत्न करायचा, पुन्हा कोसळायचं. आज एक वाजताच्या खेळाला एका आजीबाईंना ते बघवेना. दोर ओलांडून त्या आल्या, त्यांनी मामांचा हात धरला आणि बाटलीतलं पाणी मुखवट्याच्या फटीत ओतलं. पाणी सरळ नाकात गेलं. मेलेला सेनापती खोकला. आजींना वाटलं, धुगधुगी आहे. त्या तिथेच मांडी घालून बसल्या आणि त्यांच्यामागे अख्खी रांग. दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही.

“आणि वर तुम्ही त्यांचा हात दाबलात,” मॅडम म्हणाल्या. “मेल्यावर.”

आजी एवढ्या घाबरल्या होत्या, हात एकदम कसा सोडणार, असं मामा पुटपुटले.

मॅडमनी नियमांचं जाडजूड पुस्तक मिटलं. तीनच्या खेळाला दहा मिनिटं होती. बारा सेकंद, बोट दुकानाकडे, कुणाचा हात धरायचा नाही. नाहीतर उद्यापासून पोशाख दुसऱ्याला. तो त्याला नीट बसतो, हेही बघून झालं होतं.

“जमेल ना, मामा? हो की नाही, एवढंच सांगा.”

मामांनी ओला मुखवटा उचलला, झटकला आणि डोक्यावर चढवला. तो एकदा चढला की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा त्याच पुस्तकातला पहिला नियम. दार जरा अरुंद होतं. पोलादी खांदे आडवे करून मामा बाहेर पडले.