क्रियापद आधी

वाक्यातलं क्रियापद उचलून सगळ्यांत आधी आणून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मराठी नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. जन्माने सिंधी, वयाने माझ्याहून बरेच मोठे, आणि बोलण्याची हौस अशी की रस्ता विचारायला थांबलेल्या माणसाला चहा पाजून त्याच्या गावाची माहिती काढून घ्यायचे. अशा माणसाला नेमका मायस्थेनिया व्हावा! या आजारात शरीराची राखण करणारी फौज घरच्यांवरच उलटते आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत धड पोचत नाही. विश्रांतीनंतर सगळं ठाकठीक असतं. वापरत गेलं की स्नायू दमत जातो. कुणाची पापणी मिटते, कुणाची मान कलते. आमच्या शेठचा आवाज जायचा. शटर उघडताना खणखणीत असलेला आवाज दोन-चार गिऱ्हाइकांत नाकातून येणारी नुसती हवा होऊन बसायचा.

एकदा एका बाईंना ते सांगत होते, "हे कापड धुतल्यावर आटत..." आणि 'नाही' यायच्या आत आवाज संपला. बाई कापड खाली ठेवून समोरच्या दुकानात गेल्या. त्या दिवसापासून शेठनी मराठीची उलटापालट केली. मला त्यांनी तसं समजावूनही सांगितलं होतं: "येते, साहेब, तुमच्या मराठीत, खरी गोष्ट शेवटी. पोचत नाही, माझा आवाज, तिथपर्यंत." भाव करायला तर फारच दम लागतो. तो नसल्यामुळे ते एकदाच किंमत सांगून गप्प बसत. बाजारात बातमी पसरली की हा एकच भाववाला, सचोटीचा माणूस. "झालो, इमानदार, बीमारीमुळे," असं ते स्वतःच सांगत आणि खांदे हलवून हसत.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या बायकोच्या डोळ्यांमुळे. तिलाही हाच आजार. एकाचे दोन दिसायचे, उजेड सोसायचा नाही. बदलापूरला कात्रपमधल्या आमच्या घराला जाड, काळपट पडदे लावावेत म्हणून मी खिडक्यांची मापं घेऊन त्यांच्याकडे गेलो. कापड कापायला घेतलंच होतं, तेवढ्यात मी सहज आजाराचं नाव घेतलं. शेठनी कात्री ठेवली, तागा गुंडाळला आणि फळीवर परत ठेवून दिला. "विकणार नाही. काळा पडदा. भाभींना. येऊ दे, त्यांना, स्वतः." रोख पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला कॅम्प चारमधून रिकाम्या हाताने परत पाठवल्याचं माझ्याखेरीज दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पण ही जाणार कशी? हिचं हसू गेलं होतं. हसायला जावं तर ओठांचे कोपरे वर जायचेच नाहीत, नुसते दात दिसायचे. एका हळदीकुंकवात शेजारच्या बाईंना वाटलं, ही आपल्याला वेडावते आहे. त्यावरून दोन घरांत अबोला झाला आणि हिने उंबऱ्याबाहेर पडणंच सोडलं.

शेठच्या दुकानात बाजारबंदच्या दिवशी सकाळी, सगळ्यांचे आवाज आणि पापण्या शाबूत असताना, अशा आजारांच्या माणसांची बैठक भरायची. बदलापूर-अंबरनाथकडून लोक येत आणि ताग्यांवर टेकून बसत. नियम एकच: "म्हणायचं नाही, कुणी कुणाला, तब्येत छान दिसते." बाजारात गोळी मिळेनाशी झाली की ज्याच्याकडे जास्तीची पट्टी असेल तो दुसऱ्याला देई. शेठनी तीन भाषांत कार्डं छापून घेतली होती. त्यावर आजाराचं नाव आणि 'तज्ज्ञांना विचारल्याशिवाय दुसरं औषध देऊ नका' एवढाच मजकूर. ती ते पेशंटांना देत, औषधवाल्यांना देत आणि सोडायला आलेल्या रिक्षावाल्याच्याही खिशात कोंबत. पालेगावच्या एक वहिनी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सकाळी ताज्यातवान्या गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. पुढच्या खेपेला शेठ सोबत गेले. बाकावर बसवून त्यांनी वहिनींना अख्खं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत. रांगेतल्या लोकांनी शिव्या दिल्या. पुकारा झाला तेव्हा वहिनींना स्वतःचं अर्धंच नाव सांगता आलं. दाखला मिळाला. अभिनंदन करायला शेठकडेही आवाज उरला नव्हता. त्यांनी हात जोडले.

हिच्याशी त्यांची गाठ फक्त फोनवर. सकाळची गोळी लागू झाली की त्यांचा फोन यायचा. आधी ते बोलत, मग ही. दोघांचेही आवाज गेले की फोन चालूच ठेवून दोघं एकमेकांच्या घरचा पंखा ऐकत बसत. बिलाच्या काळजीने मी एकदा विचारलं, काय चाललंय? ही पुटपुटली, "बोलतोय." प्रत्येक फोनच्या शेवटी ते तिला बैठकीला बोलवत आणि ती प्रत्येक वेळी म्हणे, पुढच्या खेपेला.

मग त्यांच्या श्वासाचेच स्नायू दमले. हॉस्पिटलमधून माझ्या मोबाइलवर त्यांचा आवाजी निरोप आला. "आणा..." एवढाच शब्द, आणि पुढे बराच वेळ यंत्राची घरघर. मी हिशेबखात्यातला माणूस, काही राहायला नको म्हणून दुकानात जाऊन सगळंच पिशवीत भरलं: कार्डांचा गठ्ठा, गोळ्या, बैठकीची फाइल. पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडात नळी घातलेली होती. मी एकेक वस्तू वर काढून दाखवली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं, ते पाहतच राहिले. मला वाटलं, डॉक्टरांची वाट पाहताहेत.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने तो निरोप पुन्हा लावून ऐकला. पुढची घरघरही संपेपर्यंत ऐकली.

"मला," ती म्हणाली.

सकाळी दोघं निघायचं ठरलं. ही चप्पल घालत असतानाच त्यांच्या सुनेचा फोन आला.

पुढे बाजारबंदच्या एका सकाळी ही माझ्याआधी तयार होऊन दाराशी उभी राहिली. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. ताग्यांवर तीच मंडळी बसली होती, गल्ल्यावर सून होती. तब्येत छान दिसते असं हिला कुणीही म्हटलं नाही. ही एक डोळा मिटून फळ्यांवरून नजर फिरवत राहिली. "द्या," ती म्हणाली, श्वास घेतला, "तो. झिरझिरीत." पांढऱ्या कापडातून पलीकडची फळी दिसत होती. सुनेने माप घेता घेता वर पाहिलं, आणि ही हसली. ओठ काही वर गेले नाहीत. पण त्या दुकानात ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तीन मीटर, दोनशे दहाचा दर. सहाशे तीस रुपये मी सुनेच्या हातावर ठेवले. भाव एकच होता.