वंदनाच्या अल्बममधला जांभळा ड्रेस

भुतंखेतं, अंगात येणं, दृष्ट लागणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. आजही जाते. पण ही एक गोष्ट काही केल्या गळी उतरत नाही, म्हणून इथे लिहितेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही कुवेतला, सालमियात राहायचो. मी एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. मैत्रीण वंदना खालच्याच मजल्यावर, तिचे मिस्टर शहरातल्याच शर्क भागात एका ऑफिसात. ईदच्या सुट्टीत दोन्ही जोडप्यांनी चीनला जायचं ठरलं - लाँगमेनची बुद्धलेणी बघायला. कल्पना माझी! मी औरंगाबादची, वेरूळ-अजिंठा बघत वाढलेली. नदीकाठच्या कड्यात कोरलेला तो प्रचंड बुद्ध एका मासिकात पाहिला, तेव्हापासून ध्यासच घेतला होता. वंदनाला त्याचं काय! अख्खं बालपण बोरिवलीत गेलं, पण शेजारच्या कान्हेरी लेण्यांत कधी पाऊल ठेवलं नाही बाईनं.

आणि ऐनवेळी रजा रद्द झाली ती माझीच. मला वाटलं, म्हणेल, "राहू दे गं, पुढच्या वर्षी सगळेच जाऊ." छे! "तिकिटं वाया जातील गं," म्हणाली आणि गेली नवऱ्याला घेऊन.

जळले मी. अगदी आतून जळले. ती लेण्यांत पोचायची होती त्या दिवशी डार्करूममध्ये फिल्म धुताना माझ्या डोक्यात एकच - आत्ता ही बया माझ्या बुद्धासमोर उभी असेल!

परत आल्यावर एका शुक्रवारी तिने आम्हाला अल्बम बघायला बोलावलं. साबुदाणा वडे वगैरे थाट. "हा मोठा बुद्ध... हा पण मोठाच..." एवढंच ज्ञान! मी दुसरा वडा उचलला. तेवढ्यात तिचे मिस्टर हसत म्हणाले, "वहिनी, ही बघा तुमची डुप्लिकेट!"

मी वडा बशीत ठेवला आणि फोटो हातात घेतला. वंदनाच्या मागे, गर्दीत, मी! तेच नाक, तोच चष्मा, तीच टिकली... आणि अंगात जांभळा पंजाबी ड्रेस, पिवळ्या काठाचा. ट्रिपसाठी मुद्दाम शिवून घेतला होता. रजा गेली तेव्हा रागाने पिशवीसकट कपाटात कोंबला. वंदनाचं सोडा, आमच्या ह्यांनीसुद्धा तो पाहिला नव्हता.

"अगं... तू आली होतीस?" वंदनाचा आवाज पार बसला होता.

कशी येणार? त्या दिवशी मी तर ड्युटीवर होते, अख्ख्या डिपार्टमेंटने पाहिलं होतं मला.

निगेटिव्ह मागून घेतली. फिल्म हाच माझा धंदा, डबल एक्स्पोजर, म्हणजे एकाच फिल्मवर दोन फोटो, असतं तर लगेच कळलं असतं. तसलं काही नव्हतं. वंदनाने फोटो माझ्याच हातात कोंबला. "घे बाई, मला घरात नको हा." नंतर जिन्यात भेटली तरी ती घाईतच असायची.

आता आम्ही औरंगाबादला परतलोय. चीन राहूनच गेलं. फोटो आहे अजून. हे कसं झालं, ते मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण खरं सांगू? जळफळाट होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढ्या लांब गेले, तो बुद्ध अगदी माझ्या पाठीमागे बसलेला... आणि मी मान वळवून त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीये. मी वंदनाकडे बघतेय.