धबधब्यावरचे हवालदार

आमच्या हवालदारांना ओरडता येत नसे. पोलिसात राहून त्यांनी हे कसं निभावलं, देव जाणे. पावसाळ्यात त्यांची ड्युटी भाजे गावच्या धबधब्यावर असायची. भर पाण्यात नाचणाऱ्या टोळक्याला ते पंगतीत आग्रह करावा तसं सांगत, "दादा, धबधबा उद्याबी हितंच हाय. तुमीबी ऱ्हावा की." टोळकं हसत हसत बाहेर येई.

माझा मळवलीत लग्नाच्या शूटिंगचा धंदा. पावसाळ्यात मुहूर्त नसतात, त्यामुळे मी रिकामटेकडा. आणि रिकामा असलो की आपण मोठे दिग्दर्शक आहोत असा मला भास होतो. मी त्यांच्या रील्स टाकू लागलो. त्या गाजल्या. हवालदारांच्या गोड बोलण्याने गाजल्या, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मला मात्र वाटे, सगळी कमाल माझ्या अँगलची.

"साहेब, टोपी जरा तिरकी करा," मी सुचवायचो.

"आरं, मोठ्या सायबांनी बघितलं तर माझी हजामत करतील," म्हणत ते टोपी होती तशीच ठेवत.

स्वतःची रील बघायची त्यांना हौस नव्हती. घरी बायको दाखवायची. "ती म्हनती, एवढं गोड घरात कवा बोलला न्हाई." हे सांगताना ते चक्क लाजायचे.

पुढे या प्रसिद्धीचाच ताप झाला. हवालदारांनी आपल्यालाही दोन शब्द सुनवावेत म्हणून लोक मुद्दाम पाण्यात उतरू लागले. एका रविवारी एक गृहस्थ चिमुरड्या मुलीला खांद्यावर घेऊन पार मधल्या खडकावर जाऊन उभे राहिले. "साहेब, आम्हालाही बोला ना! रील काढा!" वर डोंगरात पाऊस कोसळत होता, पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. हवालदार हात जोडून विनवत होते. गृहस्थ हसत होते. आणि मी? मी काठावरून ओरडलो, "साहेब, जरा हसून!"

हवालदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या गृहस्थांना आईवरून अशी शिवी हासडली की भजीवालेसुद्धा गप्प झाले. पाठोपाठ दुसरी, तिसरी; आणि शिव्या देतच ते पाण्यात शिरले. गृहस्थांचं हसू पळालं. मुलीला छातीशी धरून हवालदार पुढे, ते मागे, असे दोघं काठाला लागले, तोवर तो खडक दिसेनासा झाला होता.

कुणीतरी फक्त शिव्यांचा तुकडा टाकला. 'उद्दाम पोलीस' म्हणून तो आमच्या सगळ्या रील्सपेक्षा जास्त पाहिला गेला. चौकशी लागली. मी ऐटीत म्हणालो, "काळजी नको साहेब, सगळं शूटिंग आहे माझ्याकडे." काढून पाहिलं, तर गडबडीत मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा चालू झालेला. सबंध वेळ माझाच चेहरा, तोंडाचा आ वासलेला. चौकशीत त्याचा काय उपयोग? हवालदारांची बदली झाली.

त्यांना वडगावात कोर्टाच्या दारात ड्युटी मिळाली. खाली मान घालून मी भेटायला गेलो. त्यांनी ते शूटिंगच बघायला मागितलं. माझं ध्यान पाहून पोट धरून हसले. मग एकदम थांबले आणि मोबाईल कानाशी नेला. शिव्या संपल्यावर, अगदी जवळून, ती पोरगी भोकाड पसरून रडत होती. मी तो आवाज कधी नीट ऐकलाच नव्हता.

त्यांनी तेवढंच पुन्हा लावलं.

"रडतीय बघ," ते म्हणाले. "लय झाक रडतीय." त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "हे पुसू नको."