भाच्याचे दात आणि मेव्हण्यांची कवळी

दुसऱ्याच्या तोंडात इतकं लक्ष घालणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. मेव्हण्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. पस्तिशीतच सगळे काढून कवळी बसवावी लागली होती, आणि त्याचं खापर ते लहानपणी खाल्लेल्या गुळावर फोडत. लग्न का केलं नाही असं विचारलं तरी कवळीकडेच बोट दाखवत. पन्नास सालानंतरची दोनचार वर्षं असतील ती. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो, मेव्हणे चेंबूरला. आमचा मुलगा लाळ गाळू लागला त्या दिवसापासून या गृहस्थांनी त्याच्या हिरड्यांचा ताबा घेतला.

दर रविवारी सकाळी नऊला दारात हजर. देवनारच्या कचऱ्यावरून वारा सुटला की वासाने चेंबूरला बसवत नाही म्हणून आलो, असं सांगायचे. वारा अजिबात नसला तरी हेच. हातात पिशवी, पिशवीत जुन्या मलमलीचे उकळून वाळवलेले तुकडे. आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत धुवायचे, मग ओल्या तुकड्याने हिरड्या पुसायच्या, मग चाळिशी चढवून पोराला खिडकीपाशी उताणं धरायचं आणि सरकारी तपासनिसाच्या सुरात जाहीर करायचं, "खाली उजवीकडे लाली आहे. सूज नाही." एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कौतुकाने मधाचं बोट पोराच्या तोंडाशी नेलं. मेव्हणे कडाडले, "अहो काकू, वाट लावाल त्याची! हे बघा, गोड खाऊन काय होतं ते!" आणि भर चहाच्या वेळी कवळी काढून त्यांच्या पुढ्यात धरली. काकू महिनाभर जिना उतरल्या नाहीत. आमचा तो महिना झकास गेला.

आणि सातव्या महिन्यात पोराचे वरचे दोन दात आधी आले. आमच्या कोकणात समज असा, की वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातं. मग मामाने चांदीची वाटी द्यायची आणि भाच्याने तिच्यातून दूध प्यायचं, म्हणजे ते जड उतरतं. बायकोचे आईवडील कधीच गेलेले, माहेर म्हणून जगात हा एवढा एक भाऊ. ती पाळण्याशी बसून रडायलाच लागली. "दादाला कळता कामा नये. शपथ आहे तुम्हाला."

"अगं, पण ते असलं काही मानत नाहीत ना?"

"मानत नाही असं म्हणतो हो. मांजर आडवं गेलं की घरात परत येऊन चहा पितो नि मग निघतो."

झालं, तपासणी बंद. एका रविवारी बाळ झोपलाय, दुसऱ्या रविवारी त्याला सर्दी झालीय, तिसऱ्या रविवारी तर हिने त्याला चक्क शेजारी नेऊन ठेवलं. मेव्हणे निमूट चहा प्यायचे, मलमलीचे तुकडे ठेवायचे आणि परत जायचे. एरवी पाहुण्यांसमोर कवळी काढणारा माणूस इतका गरीब झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी पडलो जावई, चहा दुसऱ्यांदा मिळतोय एवढ्यावर खूश.

चौथ्या रविवारी खालचेही दोन दिसू लागले, तेव्हा हिने पोराला त्यांच्या मांडीवर दिलं. "बघ ना दादा, चारही एकदमच आले."

मेव्हण्यांनी चाळिशी चढवली, बराच वेळ पाहिलं. "हो गं बाय. एकदमच." मग पिशवीतून एक चांदीची वाटी काढून तिच्या हातात ठेवली.

"ही आणि कशाला?"

"सहज. पितळीत दूध कळकतं."

फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. तिथे ते थांबले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, त्या पहिल्याच रविवारी पोर झोपेत हसलं ना, तेव्हाच मला वरचे दिसले. तीन आठवडे वाटी पिशवीत घेऊन फिरतोय, द्यायची कशी कळेना. बायला सांगू नका, घाबरेल."

"आणि तुम्ही?"

"छे! मी असलं काही मानत नाही," ते म्हणाले. पण बोलताना त्यांची कवळी खडखड वाजत होती.

पुढे कित्येक वर्षं ही मला एकटं गाठून विचारायची, "दादाला कळलं नाही ना?" आणि ते मला एकटं गाठून विचारायचे, "बायला कळलं नाही ना?" मी दोघांनाही नाही म्हणायचो. दोघंही अगदी सुटल्यासारखी हसायची.

मेव्हणे सत्तरी ओलांडून, भाच्याच्या मुलाच्याही हिरड्या पुसून गेले. तेराव्यानंतर एकदा राहवलं नाही, मी हिला सगळं सांगून टाकलं. ही पदराने ती चांदीची वाटी पुसत होती. वर न बघता म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. चांदीची वाटी काय कुणी सहज आणतं?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर त्याला माझ्यासमोर घाबरावं लागलं असतं हो. आणि त्याची भीती झाकून ठेवायला माझ्याशिवाय होतं कोण?"